रथसप्तमीपर्यंतचा बर्फ

बर्मिंगहॅममधल्या त्या हिवाळ्यात माझा दिवस मिठाने सुरू होई. चर्चच्या सभागृहावरच्या खोलीत मी राहत असे. उठल्यावर काचेच्या आतल्या अंगाला साचलेला ओलावा बाहीने पुसायचा, मोज्यांवर मोजे चढवायचे आणि खाली उतरून कौन्सिलच्या पिवळ्या पेटीतले खडेमीठ बादलीने आणून, बर्फ वितळावा म्हणून, पायऱ्यांवर पसरायचे. तपकिरी, दमट, बोटांच्या भेगांत झोंबणारे मीठ. ते बर्फावर पडले की क्षणभराने बारीक तडतड ऐकू येई; दूरच्या कुठल्याशा स्वयंपाकघरात कोणी तीळ भाजत असावे, तशी. मग चहाचे पाणी उकळत ठेवायचे, कारण घरची हीटिंग परवडत नाही म्हणून दिवसभर आमच्याकडे येऊन बसणारी म्हातारी माणसे सकाळीच दाराशी उभी राहत. दुपारी पत्रके घेऊन दारोदार जायचे. माझे खरे काम ते.

मी नगरकडची. आमचे घर पणजोबांपासून ख्रिस्ती. समुद्रापलीकडून आपल्याकडे आलेली सुवार्ता ही मुलगी आता समुद्रापलीकडे परत घेऊन चालली आहे, असे आमचे पाळक निरोपाच्या सभेत म्हणाले, तेव्हा आई पदर तोंडाला लावून रडली होती. इथे ती सुवार्ता कोणालाच नको होती. लोक रागावत नसत. 'नॉट टुडे, लव्ह,' म्हणत आणि दार असे अलगद लावत की त्या अलगदपणाचाच मार बसे.

अशाच एका दुपारी लाल विटांच्या एका घरात पत्रक सरकवताना दारावरच्या टपालफटीची झडप माझ्या बोटांवर आपटली. गारठलेल्या बोटांना दुखणे उशिरा कळते, आणि कळते तेव्हा दुप्पट कळते. मी "आई गं!" म्हणून कळवळले. दार उघडले. आत पुरुषी मापाचे जाड कार्डिगन घातलेली, पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती.

"मराठी का गं तू?"

"हो. मी इथल्या चर्चकडून—"

"ते दिसतंय हातात. येशूला आत आण नाहीतर बाहेर ठेव, तुझी मर्जी. पण बूट काढ. कार्पेट नवं आहे."

तरुणपणी डॉक्टर नवऱ्याबरोबर ती इथे आली होती; नवरा इथल्याच हॉस्पिटलमधून निवृत्त झाला आणि नंतर गेला. मी तिला आजी म्हणाले, तर तिने कपात चहा ओतता ओतता मला थांबवले.

"आजी म्हणायला या घरी अजून कोणी आलेलं नाही. मावशी म्हण."

त्या वाक्यात काय होते, ते मला तेव्हा कळले नाही. पण मी जात राहिले. फ्रीजरमध्ये जपून ठेवलेली गवती चहाची पात ती माझ्यासाठी कात्रीने कापायची, आणि त्या वाफेत माझे कान वितळत. वितळत म्हणजे खरोखरच. आधी बधिर, मग लाल, मग ठणकणारे. धर्माविषयी आमचे बोलणे एवढेच:

"आज किती मासे लागले गळाला?"

"एकही नाही, मावशी."

"थंडीत मासे खाली जातात गं. उन्हाळ्यात बघ."

चर्चच्या लेखी ती माझी सेवा होती. मला मात्र ती चोरी वाटे. तिच्या आत्म्याला तारण मिळावे म्हणून मी त्या घरी जात नव्हते, मला मराठी मिळावी म्हणून जात होते. आणि तरीही, पाय पुसून आत शिरताना, पिशवीतले पत्रक मी कधी बाहेर ठेवून आले नाही.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात तिने मला मुद्दाम बोलावले. तिची मनगटे दुखत, आणि तिळाचे लाडू गरम असतानाच वळावे लागतात. बाहेर रस्त्यावर काळा बर्फ होता. खालचे डांबर स्वच्छ दिसते, म्हणून बर्फ दिसत नाही, असा. आत गुळाचा पाक फेसाळत होता. मी तळहाताला तूप लावून लाडू वळत होते, हात भाजत होते, आणि ती मान वर न करता, कढईकडे बघत सांगू लागली.

तिची मुलगी डॉक्टर. साउथहॅम्प्टनला असते. सोबतच्याच एका डॉक्टरशी तिने लग्न ठरवले. वडिलांना ते मान्य नव्हते. ते जाणार नाहीत, आणि हिनेही जायचे नाही, असा निर्णय झाला.

"मी साडी नेसले होते गं," ती म्हणाली. "मोतिया रंगाची. टॅक्सी बाहेर हॉर्न देत होती. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून ऐकत राहिले. मग हॉर्न थांबला." मग पाक ढवळत म्हणाली, "ह्यांच्या फ्यूनरलला आली होती ती. मागे उभी राहिली नि गेली. आता मला कोणी अडवत नाही. फोन आहे, नंबर आहे. पण बोट उचलत नाही बघ." आणि मग, त्याच सुरात, "लाडू केवढे करतेयस! क्रिकेट खेळायचंय का?"

(हे लिहू का, असे मी पुढे तिला विचारले. "मुलीचं गाव बदल," ती म्हणाली, "आणि मला जरा उंच कर." गाव मी बदलले आहे. तरी हे लिहितानाही हात कचरतो.)

दर गुरुवारी संध्याकाळी आमचे प्रार्थनेचे वर्तुळ भरे. खुर्च्या गोल मांडायच्या, मधे तिपाईवर एक मेणबत्ती, ज्याची पाळी त्याच्याकडे ती सरकवायची, आणि प्रत्येकाने आठवडाभरात भेटलेल्या माणसांचे एखादे ओझे सांगायचे. म्हणजे ते सर्वांनी मिळून उचलायचे. ओल्या लोकरीचा आणि मेणाचा वास अजून माझ्या नाकात आहे. आमच्या गावी, बायकांच्या प्रार्थनासभेतही हेच चाले. तिथे एकीचे दुःख दुसरी मोठ्याने देवापुढे मांडी, आणि जिचे दुःख ती शेजारीच डोळे मिटून 'आमेन' म्हणे. देवाला सांगितलेले म्हणजे कोणाला सांगितलेले नव्हे, अशी माझी लहानपणापासूनची समजूत. पण इथे जिचे दुःख ती वर्तुळात नव्हती. एवढा साधा फरक माझ्या ध्यानात आला नाही.

की आला होता? कितीतरी गुरुवार माझी पाळी आली की माझ्याजवळ सांगायला बंद दारांशिवाय काही नसे. त्या दिवशी माझ्या हातात एक खरे, ऊन दुःख होते. मी नाव घेतले नाही. साडी सांगितली, टॅक्सी सांगितली, साउथहॅम्प्टन सांगितले. घर कोणत्या रस्त्याला, हे तर मला तिकडे वळताना सगळ्यांनी पाहिलेलेच होते. मी बोलत असताना खोली स्तब्ध झाली, कोणीतरी माझा हात दाबला, आणि त्या स्तब्धतेची गोडी मला लागली. माझा अपराध तो. जीभ घसरण्याच्या कितीतरी आधी मी त्या गोडीवरून घसरले होते.

संक्रांतीला मी काळी शाल घेऊन मावशीकडे गेले. दार उघडले ते साखळीपुरतेच. फटीतून तिचा एक डोळा आणि कार्डिगनची बाही दिसत होती.

"तुमची एक बाई आली होती काल. मटण-बटाट्याची गरम पाई घेऊन. माझा हात धरून म्हणाली, वी आर ऑल प्रेइंग फॉर यू अँड युअर डॉटर."

मी शाल छातीशी ओढली.

"किती जण होते गं तिथे?"

"मावशी, ते मी देवाला—"

"देवाला सांगायचं तर कानात सांगायचं. बहिरा आहे का तो?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते. "मी त्या दिवशी साडी नेसून बसले होते, हे माझ्या मुलीला ठाऊक नाही. तुझ्या अख्ख्या चर्चला ठाऊक आहे. माझं दुःख तू पंगतीत वाढलंस की गं."

मी रडू लागले. ती बघत राहिली.

"रडू नकोस, गालावर गोठेल. आणि पाई बरी होती म्हणावं त्या बाईला. मीठ कमी होतं." मग साखळी न काढताच म्हणाली, "फाटकापाशी बर्फ आहे. जपून जा." दार लागले, अगदी अलगद.

पुढच्या गुरुवारी माझी पाळी आली तेव्हा, मागच्या वेळचे ओझे सोडून द्या, अशी विनंती मी केली. इथले आमचे पाळक तरुण आणि मनाने भाबडे. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे प्रार्थनेला उत्तर मिळालं?" त्यांनी विचारले.

"नाही," मी म्हणाले. "ते ओझे उचलायला मला कोणी सांगितले नव्हते. मी ते न विचारता घेऊन आले."

पाई घेऊन गेलेली बाई माझ्या समोरच बसली होती. "मी काही चुकीचं केलं का, लव्ह?" तिने विचारले. त्या बाईने आपल्या गुडघेदुखीसकट, बर्फातून, गरम भांडे टॉवेलात गुंडाळून छातीशी धरून नेले होते. नाही, तुम्ही नाही, असे मी म्हणाले, आणि तिचे डोळे भरून आलेले पाहताना मला कळले की मी एक नव्हे, दोन घरे दुखावली आहेत.

त्यानंतर सकाळी चर्चच्या पायऱ्या झाल्या की उरलेली बादली घेऊन मी मावशीच्या घरापर्यंत चालत जाई. फाटकापासून दारापर्यंत मीठ पसरायचे, घंटी वाजवायची नाही, परत फिरायचे. क्षमा मागण्याचा तोही एक गाजावाजाच झाला, हे मला कळत होते. पण ती घसरून पडेल हे भय त्याहून मोठे होते. पडदा हलत नसे. एका सकाळी मात्र काचेवर टकटक झाली. मी दचकून वर पाहिले. ती खिडकीत उभी होती, हसत नव्हती, बोट दाखवत होती. दुसऱ्या पायरीचा कोपरा राहिला होता. मी तिथे मूठभर मीठ टाकले. तिने मान हलवली आणि पडदा ओढला.

आमच्या घरी संक्रांत नसे, पण नगरला शेजारच्या काकू आईला तिळगूळ आणून देत, कधी उशिरा आल्या तर म्हणत, "रथसप्तमीपर्यंत चालतं." आई तो घेई आणि पुढच्या नाताळात त्यांच्या घरी केक पाठवी. त्यामुळे तिळगुळाला मुदत असते, हे मला माहीत होते. मुदत सरत आली, तशी मी मीठ अधिक हळू पसरू लागले.

रथसप्तमीच्या सकाळी ऊन पडले होते, उष्णता नसलेले, काचेसारखे. मी शेवटच्या पायरीवर होते. साखळी निघाल्याचा आवाज झाला. दार पूर्ण उघडून मावशी उभी होती, हातात स्टीलचा डबा.

"तिळगूळ घे," ती म्हणाली.

मी हातमोजा काढून हात पुढे केला. लाडू तळहातावर आला. मीच वळलेला, क्रिकेटच्या चेंडूएवढा. 'आणि गोड बोल' या शब्दांची मी वाट पाहिली. ते येईनात.

"पुढचं नाही म्हणणार मी," ती म्हणाली. "गोड बोलतेस तू, त्याचीच तर भीती आहे. तिळगूळ घे, आणि बोलू नकोस."

मी मान हलवली.

"आता आत ये. दार उघडं ठेवून सबंध रस्त्याला हीटिंग नको द्यायला. बूट."

जिन्याच्या खालच्या पायरीवर तपकिरी कागदात बांधलेला दुसरा एक डबा होता, पत्त्याची बाजू खाली करून ठेवलेला. त्याला ओलांडून मी स्वयंपाकघरात गेले. मी विचारले नाही, तिने सांगितले नाही. लाडू इतक्या दिवसांत दगडासारखा झाला होता. दाढेखाली धरून लाळेने तो मऊ व्हायची वाट पाहावी लागली, आणि तोवर तसेही बोलता येत नव्हते. ती गवती चहा कापत राहिली. कात्रीचा आवाज तेवढा होता.

त्या गुरुवारी वर्तुळात माझी पाळी आली. "या आठवड्यात कोणी भेटलं?" पाळकांनी विचारले. "भेटले," मी म्हणाले, आणि मेणबत्ती पुढच्या माणसाकडे सरकवली.