हरमलच्या मिरच्या

माझी नणंद हट्टी आहे हे मला लग्नाच्या बोलणीतच कळलं होतं. पण हिमालयात, बर्फात बसून ती तसाच हट्ट धरेल हे काही तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

शेवटच्या तळावर दुपारी तिने प्यालेला चहा ओकून टाकला आणि त्यावर बुटाने बर्फ लोटला. इकडेतिकडे पाहिलं, मग मला तंबूत ओढलं.

"कोणाक सांगा नको, वयनी. माका काय्येक झाला नाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे शिखराकडे निघायचं होतं. गाइडने पहिल्याच दिवशी दरडावून ठेवलं होतं, की डोकं दुखलं, उलटी झाली किंवा तोल गेला तर लगेच मला सांगा. सांगितलं की ते माणूस खाली जाणार. विरळ हवेत लपवाछपवी केली तर जीव जातो, असं तो म्हणाला होता. नणंदेचे ओठ मला निळसर दिसत होते.

गोवा तेव्हा नुकतंच राज्य झालं होतं आणि मोहिमेत गोव्याच्या आम्ही दोघीच. ती डिचोलीच्या शाळेत कवायत शिकवायची. सरावासाठी पाळी गावच्या लोखंडाच्या खाणीवरचे टाकाऊ मातीचे ढीग आम्ही पाठीवर दगड घेऊन चढायचो आणि नखशिखांत लाल होऊन घरी यायचो. लोक हसायचे. तेच लोक निघताना हार घेऊन आले, तिच्या तब्येतीचं, धाडसाचं तोंडभर कौतुक केलं. तिला सगळ्या दुखण्याचं मूळ त्या कौतुकात सापडलं.

"अख्ख्या बाजाराची दिश्ट लागली माका. काढ तू."

मी पेडण्याची. माहेरच्या हरमली मिरच्या मी सामानात दडवून आणल्या होत्या, कारण तळावरची खिचडी नुसती गिळवत नव्हती. आमच्याकडे दृष्ट काढून मिरच्या विस्तवात टाकतात. नजर लागलेली असेल तर मिरच्या जळूनही ठसका लागत नाही. ठसका लागला तर दुखणं खरं. यावर तिचा माझ्याहून जास्त विश्वास होता.

"काढते," मी म्हटलं, "पण ठसका लागला तर गाइडला सांगणार."

"लागाचो नाय. सांग खुशाल."

मीठ-मिरच्या मुठीत धरून मी तिच्यावरून ओवाळल्या, बाजारातल्या ओळखीच्या सगळ्यांची नावं पुटपुटले आणि मूठ स्टोव्हवरच्या तापल्या झाकणात सोडली. मीठ तडतडलं. मिरच्या काळ्या पडू लागल्या. ती नाक पुढे करून बसली होती. काहीच होईना. तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं आणि माझा धीर सुटला. आता हिला कुठल्या तोंडाने अडवू?

आणि मग ठसका उठला. त्या एवढ्याशा तंबूत आम्ही दोघी गुदमरलो. मी चेन ओढून तोंड बाहेर काढलं. माझा खोकला थांबला, तिचा थांबेना. छातीत पेज रटरटावी तसा आवाज येत होता.

"तुझ्या माहेरच्यो मिरच्यो," ती धापा टाकत म्हणाली, "तिखटच. त्यांचा काय धरतंस?"

धडधाकट आहे हे दाखवायला ती उठली आणि स्वतःच्याच बुटाला अडखळून माझ्या अंगावर कोसळली. तशीच पडून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "सांग जा."

गाइडने तिच्या छातीला कान लावला आणि तिला खाली न्यायला दोर काढला. तू ठीक आहेस, उद्या वर जाऊ शकतेस, असं मला म्हणाला. मला जायचं होतं. फार जायचं होतं. मी तिची पिशवी माझ्या पाठीवर घेतली आणि त्यांच्या मागून खाली उतरले.

खालच्या तळावर पोचेपर्यंत तिचा श्वास जरा मोकळा झाला होता. तिने डोळे उघडले तेव्हा उन्हं कलली होती. मी तंबूच्या दारात बसले होते.

"शिखर दिसतां?"

"नाही. ढगात आहे."

समोर ते उन्हात लख्ख पिवळं उभं होतं.

"मग रडतंस कित्याक?"

"मिरच्या झोंबताहेत अजून," मी म्हटलं.

तिने हात लांब करून माझं मनगट धरलं. बराच वेळ सोडलं नाही.