नावं कापणाऱ्या वहिनी

त्रैमासिकात संपादक म्हणून एकच नाव छापलं जाई आणि ते वहिनींचं नसे. वहिनींचं काम अंकात कुठे दिसतच नसे. टपालातून आलेला प्रत्येक लेख, प्रत्येक कविता त्या एकट्या उघडत. लेखकाचं नाव आणि पत्ता कात्रीने कापून पाकिटात टाकत, पाकिटावर आणि मजकुरावर एकच आकडा घालत आणि मुंडकं उडवलेला तो कागद बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवत.

बैठक त्यांच्याच घरी, पुढच्या खोलीत भरे. लांबट टेबलाच्या टोकाला संपादक, म्हणजे वहिनींचे यजमान. एका बाजूला इतिहासाचे प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला एक वकीलबाई. लेखक कोण हे कळायच्या आधी निकाल लागला पाहिजे, हा संपादकांनी घालून दिलेला नियम. संस्कृती आणि राजकारणावर लिहिणाऱ्यांत ओळखीपाळखीचं फार चालतं, म्हणून तो केला होता. एकदा त्यांनी स्वतःचीच कविता गुपचूप टपालात सरकवली. वकीलबाई म्हणाल्या, "कवीला झोपेची गरज आहे." प्राध्यापकांनी मान डोलावली. संपादकांनीही कवितेच्या विरुद्ध हात वर केला आणि पुढे कित्येक वर्षं हा किस्सा पाहुण्यांना अभिमानानं सांगितला.

वहिनींचं वाचन सपाट असे. आवाजानं कुणाची बाजू घ्यायची नाही, हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं.

"वहिनी, ही प्रेमकविता आहे," प्राध्यापक कुरकुरत. "पाणी कधी बंद राहणार त्याची सूचना नव्हे."

"प्रेम कवितेत असलं तर ऐकू येईल की," वहिनी म्हणत आणि पुढचा कागद उचलत.

नाव कोण कापतं हे लेखकांना ठाऊक होतं. त्यामुळे फोन वहिनींनाच येत. "आमचंही जरा बघा, वहिनी." एका नामवंत निबंधकारानं तर घरी येऊन उंची पेनांची पेटी ठेवली. वहिनींनी त्याला चहा पाजला आणि जाताना पेटी त्याच्या हातात परत दिली. वशिल्याचा त्यांना मनापासून तिटकारा होता.

त्यांना एकच मुलगा. तो या बैठकांतच वाढला. लहानपणी टेबलाखाली पालथा पडून चित्रं काढायचा आणि वर भांडणं चालली की खाली कुणाचे पाय हलतात ते बघायचा. पुढे चांगलं लिहायला लागला. बापाला ते दिसत होतं, पण कौतुक तोंडावर करायचं नाही ही त्यांची जुनी खोड. मग मुलानं सरकारच्या माहिती खात्यात नोकरी धरली. मंत्र्यांची भाषणं लिहायची नोकरी.

घरात आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं वहिनींना पुढे वाटे. संपादकांनी जे बोलायचं ते संपादकीयात बोललं. भाड्यानं दिलेल्या लेखण्यांवर त्यांनी चार पानं लिहिली, आणि ती त्यांनी आजवर लिहिलेली सगळ्यांत धारदार पानं होती. नाव कुणाचंच नव्हतं. मुलानं अंक वाचला, घडी मोडू न देता टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या गावी बदली मागून घेतली. त्यानंतर त्याचा फोन संध्याकाळी यायचा, बाबा फिरायला गेलेले असताना.

दोनेक वर्षांनी टपालात एक पाकीट आलं. कवितेच्या खाली मुलाचं नाव, नेहमीसारखं डावीकडे झुकलेलं. सोबत दुसरं काही नव्हतं.

कवितेत एक पोरगा होता, टेबलाखाली बसून माणसांना पायांवरून ओळखणारा. वर देशाचं काय होणार यावर वाद चाललेला आणि खाली एक चप्पल घाबरून दुसरीच्या आड लपलेली. शेवटी पोरगा वर येतो, तर त्याला बसायला खुर्ची उरलेली नसते.

वहिनी बराच वेळ कात्री हातात घेऊन बसल्या. हे टेबल, हे पाय, न ओळखायला काय झालं? नाव असो नसो, यजमानांना पहिल्या ओळीलाच कळेल. त्यांनी नाव कापलं.

बैठकीत त्यांनी ती कविता बाकीच्यांसारखीच वाचली. खुर्चीची ओळ आली तिथेही आवाज जागचा हलू दिला नाही. वाचून झाल्यावर वर पाहिलं. संपादक हसत होते.

"पाहिलंत? आता थेट आपल्या टेबलावरच कविता."

"इथे येऊन गेलेलाच कुणीतरी दिसतोय," वकीलबाई म्हणाल्या. "बरी आहे पण. ती चपलेची ओळ छान."

"बरी कसली?" संपादक म्हणाले. "लोणी लावतोय. खुर्ची पाहिजे त्याला, सरळ म्हणतोय की! अंकात शिरायची ही नवी तऱ्हा."

"पुन्हा वाचू का?" वहिनींनी विचारलं.

असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"का? कुणाची आहे?" संपादक म्हणाले.

"ते विचारायचं नसतं, हे तुम्हीच ठरवलंय ना?"

"मग झालं तर. परत."

परत जाणाऱ्या प्रत्येक मजकुरासोबत संपादकांच्या हातची चिठ्ठी जाई. तेवढी अदब ते पाळत. या वेळी त्यांनी लिहिलं, "हे त्रैमासिक स्तुतीसाठी नाही. खरं काही लिहावंसं वाटेल तेव्हा जरूर पाठवा."

ती चिठ्ठी काढून ठेवणं वहिनींच्या हातात होतं. नुसती कविता पाठवली असती, किंवा आपल्या हातानं दोन ओळी लिहिल्या असत्या, तर कुणाला पत्ता लागला नसता. पण ज्या मागणीसाठी इतक्या जणांना त्यांनी दारातून परत पाठवलं होतं, तीच आता त्या स्वतःकडे करत होत्या. त्यांनी चिठ्ठी पाकिटात घातली आणि पाकीट डिंकानं चिकटवलं.

पुढच्या फोनवर मुलानं विचारलं, "वाचलीस तूच ना?"

"हो."

"आणि त्यांना कळलं नाही?"

"नाव कापलेलं होतं रे."

"हं," तो म्हणाला आणि गुडघेदुखी कशी आहे ते विचारलं. कवितेचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. हळूहळू फोनही विरळ झाले.

मग संपादकांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, डावं अंग गेलं. फोनवरून मुलानं डॉक्टर सुचवले, पैसे पाठवले. स्वतः आला नाही. तोवर प्राध्यापक मुलीकडे राहायला गेले होते. वर्गणीदार गळत चालले होते. वकीलबाईंनी एका दुपारी स्पष्टच सांगितलं, "बंद करू या आता. कुणासाठी ओढताय हा गाडा?"

त्या गेल्यावर संपादक खिडकीकडे बघत पडून राहिले. मग जड जिभेनं म्हणाले, "तो पाठवेल अगं कधीतरी. लिहायचा चांगलं. एरवी यायला त्याला जड जाईल, पण कवितेचं निमित्त करून येईल. तेवढ्यासाठी तरी अंक चालू पाहिजे."

वहिनी उशीचा अभ्रा बदलत होत्या. अर्धा चढवलेला अभ्रा तसाच धरून त्या खुर्चीवर बसल्या.

"अहो, त्यानं पाठवली होती."

"कधी?"

"तुम्ही परत केलीत. ती टेबलाची."

संपादकांना आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा त्यांनी चांगला हात तोंडावर धरला. मग म्हणाले, "म्हण."

कागद घरात नव्हता. वहिनींना कविता पाठ होती. त्यांनी ती म्हटली, तशीच, सपाट. संपादकांनी डोळे मिटून ऐकली.

"शेवट कच्चा आहे," ते म्हणाले. "परतच केली असती." मग काही वेळानं, "पण चिठ्ठी अशी लिहिली नसती. तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही ओळखाल असं वाटलं."

संपादकांनी फोनकडे बोट दाखवलं. वहिनींनी नंबर लावून फोन त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून "बोल आई" ऐकू आलं.

"मी बोलतोय," संपादक म्हणाले. "तुझी ती कविता. चपलेची ओळ... उत्तम आहे. शेवट तेवढा बदल. खुर्ची काढून टाक. लोकांना ते मागणं वाटतं."

वहिनींनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"बदलून पाठव. पुढच्या अंकात घेऊ. नावासकट पाठव."

"बाबा, मी आता लिहीत नाही."

"भाषणं?"

"ती लिहितो. कविता नाही."

"का?"

"सुटलं ते. मुद्दाम काही सोडलं नाही." मग त्यानं विचारलं, "रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेता ना?"

संपादकांनी वहिनींकडे पाहिलं.

"घेतो," ते म्हणाले. "सकाळी एक, संध्याकाळी एक."

"पांढरी सकाळची ना?"

"पांढरी सकाळची."

मग बापलेक बराच वेळ गोळ्यांबद्दल बोलले.