गदबानने उघडलेली बातमी

गदबान म्हणजे रागीट. आधीची पोरं जगली नाहीत, म्हणून याला तरी दृष्ट लागू नये यासाठी आईने असलं नाव ठेवलं, तुमच्याकडे दगडू-धोंडू ठेवतात तसं. पण या पठ्ठ्याने नाव खरं करून दाखवलं! फुरात नदीकाठच्या त्या शहरात, विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो वर्तमानपत्रं सांभाळायचा. कर्रार नावाच्या विद्यार्थ्याने एकदा फुटबॉलचं पान फाडलं, तर गदबानने सगळ्यांसमोर अशी कानफटात लगावली की पोरगं धडपडत टेबलाखाली गेलं.

बाप तसा बेटा. त्याचा मुलगा रैसान टायरच्या दुकानात होता आणि सरकारविरुद्धच्या निदर्शनांत सगळ्यांच्या पुढे. चौकात तंबू कुठे ठोकायचा यावरून त्याचं नासिफ नावाच्या पोराशी वाजलं. दात पडले, डोकी फुटली, आणि रैसान चारचौघांत बोलून बसला की मी तुझं रक्त पिईन. मेल्या, जीभ आवरायची होतीस! दुसऱ्याच दिवशी पुलावर निदर्शकांवर गोळ्या सुटल्या आणि नासिफ रैसानच्या शेजारीच मानेत गोळी लागून पडला. रैसानने त्याला खांद्यावर टाकून इस्पितळात नेलं, पण पोरगा वाटेतच गेला. लोकांना रैसानचा रक्ताने भिजलेला शर्ट दिसला आणि आदल्या दिवशीची शपथ आठवली.

नासिफच्या टोळीने, म्हणजे त्याच्या भाऊबंदांनी, भरदुपारी गदबानच्या घरावर बंदुका रिकाम्या केल्या. खिडक्या गेल्या, पाण्याची टाकी फुटली, अंगणातली गाय तडफडून मेली. जाताना भिंतीवर लाल रंगात लिहून गेले, ‘या घराकडून रक्त येणं आहे’. असं लिहिलेल्या घराला वाणीसुद्धा सामान देत नाही. दोन्ही टोळ्यांच्या शेखांनी, म्हणजे म्होरक्यांनी, मध्ये पडून शुक्रवारपर्यंतचा तह केला. शुक्रवारी बैठक, आणि तिथे निकाल लागला नाही तर रैसानला दिसेल तिथे मारायला नासिफचे लोक मोकळे. नासिफचा बाप हाजी शनावा तर सांगून मोकळा झाला होता, मला भरपाई नको, मला तो पोरगा पाहिजे.

अशात गावभर झालं, की परदेशातल्या एका मोठ्या वर्तमानपत्राने लोकांच्या फोनमधली चित्रणं जुळवून पुलावर कुणी गोळ्या झाडल्या ते दाखवलंय. पण ती बातमी पैसे भरलेल्यांनाच उघडायची, आणि परदेशी पैसे भरायची सोय आमच्याकडे कुणाला आहे! त्या पत्राची वर्गणी विद्यापीठाने भरलेली होती. ग्रंथालयाच्या इंटरनेट जोडणीवर येऊन आपल्या फोनवर एकदा नाव नोंदवलं की वर्षभर घरबसल्या वाचा. फक्त दर वर्षी सत्र सुरू झालं की नोंद पुसली जायची आणि पुन्हा आत येऊन करावी लागायची. यंदा सत्राच्या तोंडावरच निदर्शनांपायी विद्यार्थ्यांचा संप झाला, फाटकाला साखळी पडली, आणि एकाचीही नोंद झालेली नव्हती.

शुक्रवारी सकाळी गदबान फाटकाशी गेला. साखळीच्या कुलपाची किल्ली होती त्या कानफटात खाल्लेल्या कर्रारकडे, आणि त्याने नोकरांनासुद्धा आत सोडायचं नाही असं ठरवलं होतं. गदबानच्या पायाची आग मस्तकात गेली. त्याने गज धरून हिसडे दिले, शिव्या घातल्या. मग एकदम हात खाली सोडून म्हणाला, “माझा पोरगा आज मरेल रे.”

कर्रार बाहेर आला. त्याने आधी गदबानच्या थोबाडीत दिली. ओठ फाटला, दाढीत रक्त उतरलं. “आता फिटली, काका,” असं म्हणून त्याने साखळी काढली आणि स्वतः ग्रंथालयाच्या दालनापर्यंत सोबत गेला.

बातमी उघडली. पुलाजवळच्या कचेरीची गच्ची, तिच्यावर काळ्या कपड्यांतला बंदूकवाला, आणि तोंड इतकं स्वच्छ की ओळखायला चष्मा नको. ज्या सशस्त्र पक्षाला पोलीससुद्धा सलाम ठोकतात, त्यांची ती कचेरी आणि त्यांचाच तो माणूस.

शनावाच्या घरी बैठक बसली, कॉफी फिरली. गदबानने कप समोर तसाच ठेवला. मागणं मान्य झाल्याशिवाय आमच्यात कुणी कॉफीला ओठ लावत नाही. त्याने फोन पुढे केला. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग नासिफकडचे शेख खाकरून म्हणाले, “बंद कर ते, रैसानच्या बापा. आम्ही काही पाहिलं नाही. त्या लोकांच्या दारात रक्त मागायला कोण जाणार, तू?” आणि त्यांनी निवाडा सांगितला, की भरपाई गदबानच्याच टोळीने द्यावी आणि रैसानने शहर सोडावं. बळी तो कान पिळी म्हणतात ते हेच. चोर गच्चीवर उभा आणि फाशी गरिबाला!

“पुन्हा लाव,” शनावा म्हणाला.

त्याने पोराला पडताना पाहिलं. पळणाऱ्यांतून रैसान मागे फिरतो, पोराच्या मानेवर हात दाबून धरतो, आजूबाजूला गोळ्या आदळतायत, तेही पाहिलं. म्हातारा उठला. त्याने स्वतःच्या हाताने गदबानचा कप उचलून त्याच्या ओठांशी नेला. “पी. तुझ्या पोराकडे माझं काही निघत नाही.” गदबान रडत रडत प्यायला. फाटलेल्या ओठाला ती कॉफी झोंबली, पण रैसान वाचला होता.

शनावाने भिंतीवरची बंदूक काढली.

गदबानने त्याला कवेतच धरलं. “हाजी, नका जाऊ. चाळण करतील तुमची.”

“आता कोण ते कळलंय,” शनावा म्हणाला. “कळल्यावर बसू कसा?” त्याने बंदुकीचा दस्ता गदबानच्या बरगडीत हाणला आणि गाडी काढली. शेख जागचे हलले नाहीत.

गदबान आणि रैसान मागोमाग पोचले तेव्हा गोळ्या थांबल्या होत्या. शनावा कचेरीच्या पायऱ्यांवर पडला होता, छाती गोळ्यांनी फुटलेली, बंदुकीतून एकही गोळी सुटलेली नाही. गदबान रस्त्याच्या मधोमध उभा राहून गच्चीकडे ओरडला, आयाबहिणी काढल्या, छाती पिटून म्हणाला, मलाही मारा, मी दाखवलं त्याला, मी!

वरून कुणी बंदूक उचलली नाही. एकजण कठड्यावरून वाकून म्हणाला, “प्रेत बाजूला घे, चाचा. गाड्या अडल्यात.”

गदबानने शनावाच्या काखेत हात घातले, रैसानने पाय धरले, आणि गाड्या जाऊ लागल्या.