शिट्टीचं गाणं

आमच्या थेबेकच्या कोळशाच्या खाणीत शिट्टी वाजवायची नाही, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. शिट्टीने डोंगर जागा होतो. चार हा मरणाचा आकडा, म्हणून खाणीवर जाणाऱ्याच्या डब्यात चार डाव भात वाढायचा नाही, तसंच हे. आणि चुनजाअक्काच्या नवऱ्याने, गिलसूने, खाणकामगारांच्या रॉक बँडसाठी गाणं रचलं ते नेमकं शिट्टीने सुरू होणारं. सोलला जाऊन रेकॉर्ड काढली. गावात घरोघरी गेली, बाहेर कुत्रं विचारेना.

पुढच्याच हिवाळ्यात खाणीचं छत कोसळलं. गिलसू गेला, त्याच्यासोबत आणखी पाच जण. वाचलेला एक जण म्हणाला, "आधी शिट्टी ऐकू आली होती." झालं! कंपनीचे लाकडी आधार कुजले होते, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. घरोघरच्या रेकॉर्डी मात्र चुलीत गेल्या. शेजारच्या मालसुनचा नवरा त्याच ढिगाऱ्यात गेला होता. तिने अवदसा हाकलावी तसं अक्काच्या दारात मीठ फेकलं आणि बोलणं टाकलं ते कायमचं. हिवाळ्याचं किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला सगळ्या बायका एकत्र बसायच्या. अक्का एकटीच अंगणात कोबी चिरायची. तशीच म्हातारी झाली. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूने पहिली ताकीद दिली ती हीच: तिच्या दारात पाऊल ठेवायचं नाही. मी ठेवलं. तिच्या हातचं सूप सासूच्या सुपापेक्षा बरं होतं.

एकदा मला म्हणाली, "मला दुसरं काही नको गं. मालसुनने एकदा म्हणावं, तुझ्या नवऱ्याने कुणाला मारलं नाही. मग मी मरायला मोकळी."

आणि परवा परवा सोलच्या कुणा दिग्दर्शकाने ते गाणं सिनेमात घातलं. खुनी गाडी हाकतोय आणि मागे गिलसूची शिट्टी! अख्खा देश वेडा झाला. आमचं गाव तर भलतंच हुशार. खाण कधीच बंद पडलेली, पोटाला काही नाही. लगेच वेशीवर 'शिट्टीचं गाव' असा फलक लागला. तांदळाच्या वड्या घेऊन गावप्रमुख बेक अक्काच्या दारात हजर.

"वहिनी, गिलसू म्हणजे आमचा हिरा होता हो!"

"हिरा? मग त्याची रेकॉर्ड तुमच्या चुलीत कशी गेली?"

बेकनी हसत शिट्टीच्या उत्सवाचं आमंत्रण तिच्या हातात ठेवलं.

पण उत्सवाला अक्का आली. मालसुन पहिल्या रांगेत बसणार, हे तिला कळलं होतं. गाणं सुरू झालं तसे पाहुणे, गावकरी, बेकसुद्धा शिट्ट्या वाजवायला लागले. डोंगर समोरच होता. अक्काने माइक हातात घेतला.

"आता सगळं गाव शिट्टी वाजवतंय. कुठे कोसळला डोंगर? मालसुन, तूच सांग. माझ्या माणसाने मारलं का गं तुझ्या माणसाला?"

मालसुन काठी टेकत उठली. मला वाटलं, आता म्हणेल.

"खाली आता माणसं नाहीत," ती म्हणाली, "म्हणून नाही कोसळला."

पाहुण्यांना वाटलं, हे कार्यक्रमातलंच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्का मंचावरून उतरून माझ्यापाशी आली.

"चल," म्हणाली, "कोबी चिरायचा राहिलाय."