भुऱ्याले दिलेलं औषध

हे आजवर कोणाले सांगितलं नाही — बायकोलेही नाही. तुम्हाले सांगून टाकतो.

बेसा वस्तीत आमच्या शेजारच्या काकूंकडं कोली जातीचा कुत्रा होता, भुऱ्या. लांब केसांचा, दिवसभर कूलरसमोर पडलेला. डास चावल्यानं कुत्र्याच्या हृदयात जंत होतात, म्हणून डॉक्टरांनी त्याले महिन्याची एक गोळी लावून दिली होती. काकू चार दिवस लेकीकडं खाप्याले गेल्या, तर गोळी माझ्या हातात ठेवली. "गजू, आज आठवणीनं दे गा. अन् दुसरं काही देऊ नको, या जातीले सोसत नाही म्हणतात डॉक्टर."

गोळी दिली मी. तिथंच थांबायचं की नाही? पण त्याच्या कानात गोचीड दिसले. अन् मी पारशिवनीकडचा शेतकऱ्याचा पोरगा — बैलांले सुया टोचण्यात जिंदगी गेली, मले डॉक्टर काय शिकवणार! गावाहून आणलेली, गोचिडाच्या इंजेक्शनची बाटली घरी होतीच. मात्रा? आमच्याकडं मात्रा अंदाजानंच असते. गोऱ्ह्याले लागते त्याच्या अर्धं पोळीवर टाकलं अन् खाऊ घातलं. गोळीत अन् बाटलीत औषध एकच होतं, गोळीत कुत्र्याले सोसेल इतकंच, बाटलीतलं कितीतरी कडक — हे मागून कळलं.

संध्याकाळी भुऱ्या झोकांड्या खाऊन राहिला होता. डोळे उघडे, पण दिसत नव्हतं — दारावर जाऊन आपटला. डॉक्टरांकडं नेला. त्यांनी दोनदा विचारलं, गोळीशिवाय काही दिलं का? दोनदा मी नाही म्हणालो. काहून? इज्जत जाईल म्हणून, दुसरं काय! खरं सांगितलं असतं तर वाचला असता का, माहीत नाही. तिसऱ्या दिवशी गेला.

काकू माझ्यावर चिडल्या नाहीत. "मीच ठेवून गेली होती गा ती गोळी," म्हणून रडत बसल्या. मी त्यांले पाणी दिलं. स्वतःची किळस आली, तरी नुसतं पाणीच दिलं.

तेव्हापासून काकू गल्लीभर सांगतात, ती गोळी म्हणजे जहर आहे. दोन घरांनी बंदही केली. परवा नव्या भाडेकरूची पोरगी पिल्लू घेऊन फाटकाशी उभी होती, हातात गोळीचं पाकीट. काकूंनी मले हाक मारली. "सांग गा हिले, तू होता ना तेव्हा."

पोरगी माझ्याकडं पाहून राहिली होती.

"हो," म्हणालो मी. "नको देऊ."