पाहुण्यात राहिलेली दुरुस्ती

वहिनी जिना चढून वर आली तेव्हा मशीनच्या पडद्यावर काहीच उघडं नव्हतं.

"वन्सं, पाहुणा कुठे गेला?"

"पाठवला त्याला," वन्सं टेबल पुसत म्हणाल्या. "मुक्काम ठोकून बसला होता नुसता."

नणंद-भावजयींचं हे ऑफिस म्हणजे घराच्या माडीवरची एक खोली. एकाच मशीनवर दोघी आळीपाळीने बसतात आणि रक्तपेढीचं सॉफ्टवेअर सांभाळतात. लग्नाआधी वहिनी छापखान्यात अक्षरजुळणी करायची. प्रोग्रामिंग तिला वन्संनी शिकवलं. सुरुवातीला तिच्या कामाच्या प्रती मशीनभर पसरलेल्या असत. 'अंतिम', 'नवा अंतिम', 'हाच अंतिम'. वन्संनी कपाळाला हात लावला आणि सगळं गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एका भांडारात आणलं. त्या एकाच भांडारातून हवे तेवढे फोल्डर काढता येतात, प्रत्येकात वेगळं काम.

नावं वहिनीची. रक्तपेढीत जे चालू आहे ते 'सासूबाई', तिथे कुणी बोट लावायचं नाही. 'माहेर'मध्ये वाटेल तो पसारा मांडायचा. तातडीची दुरुस्ती 'मावशी'त, हाक मारली की तीच धावत येते म्हणून. एकीचं काम दुसरीनं नुसतं तपासायला काढलं की तो 'पाहुणा'. पाहुण्याला कामाला जुंपायचं नाही. तपासणी झाली की निरोप.

"आणि मी कुठे यात?" सासऱ्यांनी एकदा विचारलं होतं.

"तुम्ही बॅकअप," वन्सं म्हणाल्या. "आहात की नाही ते अडचण आली की कळेल."

आज सकाळी वहिनी पाहुण्यात होती, तेवढ्यात रक्तपेढीच्या तंत्रज्ञाचा फोन आला. मुदत संपलेली पिशवी पडद्यावर 'चालेल' दिसत होती. दुपारी मोठं ऑपरेशन होतं. वहिनीनं फोल्डर बदललाच नाही. बसल्या जागी दुरुस्ती केली. कमिट करणार, म्हणजे केलेलं काम गिटमध्ये पक्कं नोंदवणार, एवढ्यात खालून सासऱ्यांनी हाक मारली. ती तशीच उठली.

"त्यात दुरुस्ती होती," ती आता म्हणाली. "रक्तपेढीची."

वन्संच्या हातातलं फडकं थांबलं. "पाहुण्यात?"

"हो."

"मशीन सांगत होतं, काम बाकी आहे म्हणून. मी जबरदस्तीनं काढून टाकला. म्हटलं, पाहुण्याच्या मागे थोडा कचरा असायचाच." त्यांनी फडकं बाजूला टाकलं. "परत लिहून होईल?"

"अख्खी सकाळ गेली होती त्यात."

फोन वाजला. तंत्रज्ञच होता. "ताई, किती वेळ? एकेक पिशवी हातानं तपासतोय मी. एकटाच आहे. डोळे फिरायला लागलेत."

"होतंय," वहिनी म्हणाली. काहीच होत नव्हतं.

वन्संनी खुर्ची पुढे ओढली. "कमिट नाही, ठीक. निदान फाइली गिटच्या हवाली केल्या होत्यास?"

कमिटच्या आधीची ती पायरी. तेव्हाच गिट भांडारात एक प्रत ठेवून घेतं. फोल्डर गेला तरी ती काही काळ टिकते. फाइलीचं नाव मात्र उरत नाही.

"केल्या होत्या. दोन वेळा."

वन्संनी गिटला असे बिननावाचे, बेवारस तुकडे शोधायला लावले. पडदा अगम्य आकडे-अक्षरांनी भरून गेला. कुठला कशाचा, काही कळेना. वहिनी एकेक उघडत गेली. हा वन्संचा, त्या ओळींमध्ये फार जागा सोडतात. हा माहेरचा. हा कशाचाच नाही.

मग मुदत तपासणाऱ्या फाइलीचे दोन तुकडे सापडले. जुळे. फरक एका ओळीचा.

"यातला नंतरचा कुठला?"

"आठवत नाही."

"अगं, डोक्याला ताण दे जरा!"

"आठवणीवर नाही सांगणार मी, वन्सं. ते रक्त कुणाच्या तरी अंगात जायचंय."

तिनं रक्तपेढीत फोन लावला, स्पीकरवर. "मुदत संपलेली एक पिशवी हातात घ्या. तारीख आणि वेळ वाचा."

"आज पहाटेची आहे."

वहिनीनं ती वेळ दोन्ही तुकड्यांना घालून पाहिली. पहिला तुकडा म्हणाला, 'चालेल'. दुसरा म्हणाला, 'बाद'.

"आता आज संध्याकाळपर्यंत चालणारी वाचा."

दुसरा म्हणाला, 'चालेल'.

वहिनीनं दुसरा उचलून मावशीत ठेवला. त्याच्या जोडीची एक छोटी फाइल सापडलीच नाही. ती तिनं नव्यानं लिहिली. वन्सं खांद्यावरून मोठ्यानं वाचत राहिल्या, एकही शब्द न गाळता. सगळं चालवून पाहिलं. कमिट केलं. रक्तपेढीत पाठवायच्या बटणावर वहिनीचं बोट अडलं. वन्संनी तिच्या बोटावर बोट ठेवून ते दाबलं.

"पडदा नवा करून घ्या," वहिनी फोनमध्ये म्हणाली.

पलीकडे माउस टिकटिकला.

"ती पहाटेची बाद झाली," तंत्रज्ञ म्हणाला. "थांबा. अजून एक बाद दाखवतंय." कागद चाळल्याचा आवाज आला. "ताई, ही तर मी तपासली होती. वर ऑपरेशनला पाठवायच्या खोक्यात ठेवलीय."

"मग काढा ना बाहेर!" वन्सं ओरडल्या.

पावलं धावत लांब गेली. दोघी एकमेकींकडे न बघता फोनकडे बघत राहिल्या. पावलं परत आली.

"काढली," तो म्हणाला.