बाळासो मेस्त्रींच्या घरची व्हायवा

आमच्या उचगावात लग्नाला मांडव घालतात, बारशाला घालतात, पोरगं नोकरीला लागलं तरी घालतात. पण पोरीच्या व्हायवेला मांडव घालणारा माणूस एकच, बाळासो मेस्त्री. मी त्यांचा शेजारी. दुसऱ्याच्या घरातलं सांगायची मला खोड नाही, पण हे पोटात राहत नाही.

बाळासोंनी एकतीस वर्षं एसटीच्या गाड्या दुरुस्त केल्या. त्यांचा एक नियम होता. गाडीखाली माणूस शिरला की गाडीची किल्ली आधी आपल्या खिशात घालायची. ड्रायव्हरनं कितीही आदळआपट केली तरी काम संपेस्तोवर किल्ली मिळायची नाही. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. घरी नळाचं काम निघालं तरी हे पाण्याच्या मोटरचा फ्यूज काढून खिशात घालतात, विसरतात, आणि मग सगळं घर दोन दिवस फ्यूज शोधत बसतं.

त्यांची मुलगी संघप्रिया पुण्यात पीएचडी करत होती. विषय काय, तर लोखंड थकतं कसं. "लोखंड दमतंय हे मी तीस वर्सं बोंबलून सांगतोय, मला कुणी डाक्टर केलं न्हाय," असं मेस्त्री म्हणायचे, आणि छाती फुगवायचे. परीक्षक परदेशात होते, म्हणून तिची शेवटची तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा, ऑनलाइन होती आणि ती कुणालाही बघता येणार होती. ते 'कुणालाही' मेस्त्रींनी फारच मनावर घेतलं. गडहिंग्लजची भावकी बोलावली, डेपोतले दोस्त बोलावले, चाळीस खुर्च्या मांडल्या, आचारी सांगितला. टीव्हीला कॉम्प्युटर जोडून ठेवला.

संघप्रियानं फोनवर बजावलं होतं, "पप्पा, बरोबर चारला सुरू होईल. पहिल्यांदा तुमचंच नाव घेणार आहे. उशीर करू नका." तेव्हापासून मेस्त्रींना घास गोड लागत नव्हता. आयुष्यभर ज्यांचं नाव फक्त ड्रायव्हर लोकांनी ओरडून घेतलं, त्यांचं नाव परदेशातल्या साहेबापुढं घेतलं जाणार होतं. ते चुकलं असतं तर हा माणूस खरंच खचला असता.

आणि त्याच दिवशी सकाळी दहाला कॉम्प्युटर आपल्या मनानं अपडेट व्हायला लागला. 'काम चालू आहे, बंद करू नका.' मेस्त्री तासभर हाताची घडी घालून पहारा देत उभे होते. काम संपलं, कॉम्प्युटर उघडला, आणि नेट गायब.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, म्हणून मला पुढं बसवलं. मी पडद्यावरचं वाचलं आणि अर्थ सांगितला, "नेट नाही म्हणतोय."

"ते आमालाबी दिसतंय की, गुरुजी," मेस्त्री खेकसले.

डेपोतले जुने ड्रायव्हर अमरसिंह टेबलाखाली पालथे पडले आणि एकेक वायर ओढून बघून आले. "एक बी वायर निघाली न्हाय. अपडेटनंच घात केला."

कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, "राउटरचे दिवे लागलेत ना? मग आमच्याकडून सगळं चालू आहे." चालू होतंच. मांडवात बसलेले पावणे त्याच वाय-फायवर कुस्त्या बघत होते. बंद होता तो एकटा कॉम्प्युटर.

त्यावर अमरसिंहांनी शोध लावला की पावण्यांनीच नेट ओढून संपवलंय. मेस्त्री भाकरीची बुट्टी घेऊन मांडवात फिरले. "पावणं, राग मानू नका, फोन बंद करून ह्यात टाका." चाळीस फोन बुट्टीत गेले. वरनं फडकं झाकलं. कॉम्प्युटर ढिम्म.

साडेतीनला समोरच्या झुंबरबाई मीठ-मिरच्या घेऊन आल्या. "दिष्ट लागलीया. ओवाळून टाकू या."

"आमच्या घरात असलं चालत न्हाय!" मेस्त्री गरजले. मग त्यांनी घड्याळाकडं बघितलं. आवाज खाली आला. "भायेर त्या खांबाला ओवाळा. वायर तिथनंच येती."

झुंबरबाईंनी विजेच्या खांबाला ओवाळलं. मी नको म्हणायला पाहिजे होतं, पण तोवर मीही चारदा कॉम्प्युटर बंद-चालू करून हात टेकले होते.

चारला पाच मिनिटं होती. मेस्त्री खुर्चीत बसले ते उठेचनात. तेव्हा मीनाबाई, त्यांची बायको, स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत आल्या. त्यांनी बुट्टीतून आपला फोन काढला, चालू केला आणि पोरीनं पाठवलेली लिंक दाबली. संघप्रिया दिसली. चाळीस माणसं खुर्च्या सोडून त्या वीतभर पडद्याभोवती गोळा झाली. मागच्यांना ऐकूसुद्धा येत नव्हतं, म्हणून पुढचे मागं सांगत होते.

संघप्रियानं साहेबांना इंग्रजीत नमस्कार केला आणि मग मराठीत म्हणाली, "माझे वडील बाळासो एसटीत मेकॅनिक होते. गाडीखाली माणूस असला की ते किल्ली आपल्या खिशात ठेवायचे. पाच वर्षं मी गाडीखाली होते. आजी गेली, आईचं ऑपरेशन झालं, पण काम संपेपर्यंत त्यांनी कुणालाही मला हाक मारू दिली नाही. किल्ली पप्पांच्या खिशात होती."

मेस्त्री रडायला लागले. सरळ हुंदके देऊन रडायला लागले. डोळे पुसायला त्यांनी खिशातून रुमाल ओढला, आणि रुमालाबरोबर एक काळी, अंगठ्याच्या नखाएवढी खुंटी फरशीवर पडली. संघप्रियानं दिवाळीत कॉम्प्युटरच्या पाठीत बसवलेली, बिनवायरीचं नेट घेणारी खुंटी.

अमरसिंहांनी ती उचलली. "मेस्त्री, ह्ये काय हाय?"

मेस्त्रींचा चेहरा उतरला. "सकाळी... काम चालू हुतं न्हवं त्येचं. मदीच नेट आत शिरलं असतं म्हंजे?"

कुणी हसावं की मारावं हेच ठरेना. मी हात पुढं केला. "द्या इकडं. एका मिनिटात मोठ्या टीव्हीवर लावतो."

फोनमध्ये परदेशातल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला होता आणि संघप्रिया थकलेल्या लोखंडाबद्दल सांगायला लागली होती. मेस्त्रींनी अमरसिंहांच्या हातातून खुंटी घेतली, रुमालात गुंडाळली आणि परत खिशात घातली.

"कुणी उठायचं न्हाय," ते म्हणाले. "पोरीचं काम चालू हाय."